केशवमास्तरांचा लाल गोल

केशवराव वानखडे मास्तरांना देवाने दोन चांगले डोळे दिले होते, पण त्या डोळ्यांना आधी इंग्रजीतली शेंडी दिसायची आणि माणूस मागाहून. शेंडी म्हणजे अपॉस्ट्रॉफी, अक्षराच्या डोक्यापाशी लोंबणारा स्वल्पविराम. अमरावतीच्या एका शाळेत त्यांनी हयातभर इंग्रजी शिकवलं आणि वर्गाला कळावं म्हणून हे नाव त्यांनीच पाडलं. "एस दिसला की ठेवली शेंडी, असं करायचं नाही. प्रत्येक एसची मुंज झालेली नसते," असं ते म्हणायचे आणि वर्ग हसायचा. वर्गात ते शोभायचंही.

पुढे शाळा सुटली, शेंडी सुटली नाही. राजापेठेत भाजी आणायला निघालेला हा माणूस रिकामी पिशवी घेऊन तासभर पाट्या वाचत फिरायचा. मेन्स पार्लरच्या पाटीवर हवी तिथं शेंडी नाही, मोमोच्या गाडीवर नको तिथं ठळक काढलेली. मास्तर दोघांनाही पाटीपुढे बोलावून नियम समजावायचे. पार्लरवाल्याला तर त्यांनी अर्धी दाढी झालेली असताना समजावलं, आणि त्याने उरलेली अर्धी इतक्या घाईने उरकली की मास्तर हनुवटीला कापूस लावून घरी आले. जित्याची खोड, दुसरं काय!

पाट्या काही कोणाच्या नात्यातल्या नसतात, त्यामुळे तिथवर ठीक होतं. पण मास्तरांच्या हाती मोठा फोन आला आणि भाऊबहिणी, भाचे, पुतणे, सुना, जावई असा सगळा 'वानखडे परिवार' व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर त्यांच्या तावडीत सापडला. फोनमध्ये फोटोवर रंगीत रेघा ओढायची सोय असते. मास्तर आलेल्या मेसेजचा फोटो घ्यायचे, चुकीभोवती लाल गोल काढायचे आणि तो फोटो नियमासकट परत ग्रुपवर टाकायचे. पुतणीला मुलगी झाली, त्या बातमीवर लाल गोल. कोणाचे तरी व्याही गेले तेव्हा एका जावयाने श्रद्धांजलीच्या इंग्रजी ओळीपुढे तीन उद्गारचिन्हं टाकली. मास्तरांनी तिन्हींना गोल करून विचारलं, "इतका आनंद कशाचा झाला?" त्या जावयाने पुन्हा ग्रुपवर तोंड उघडलं नाही.

हळूहळू सगळा ग्रुपच मुका झाला. सकाळी एखाद्या देवाचा फोटो यायचा आणि त्याखाली एक अक्षर नसायचं. मास्तरांनी याचा जो अर्थ लावला तो फक्त मास्तरच लावू शकतात.

"बघितलंस? सुधारले सगळे," ते बायकोला, ललिताबाईंना म्हणाले. "आता चूक शोधूनही सापडत नाही."

ललिताबाई स्वतःच्या फोनमध्ये बघून हसत होत्या. "होय नं," म्हणाल्या आणि फोन कणकेच्या परातीशेजारी उभा करून पोळ्या लाटायला बसल्या.

माघातल्या एका दुपारी मास्तर शाकीबच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरले. शाकीब त्यांचा जुना विद्यार्थी. नेत्यांच्या वाढदिवसापासून ट्यूशन क्लासच्या गुणवंतांपर्यंत राजापेठेत जे जे टांगलं जायचं, त्यातलं बरंचसं त्याच्या मशीनमधून निघायचं. म्हणून मास्तर अधूनमधून उगमापाशीच बंदोबस्त करायला यायचे. त्यांना दारात बघून शाकीबने कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

स्क्रीनवर संत्र्यांची चौकट असलेला भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर इंग्रजीत ठळक ओळ होती: यू कम, आय मेक रोडगे, यू ईट. आणि शेंड्या? शेतात सरकीचं बी टोबावं तशा जागोजागी. कमवर एक, मेकवर एक, ईटवर तर दोन.

मास्तरांचा हात खिशातल्या लाल पेनकडे गेला. पेन मेजावर टेकवून ते कडाडले, "हे कोणत्या अडाण्याने लिहून दिलं?"

शाकीबने नुसतं खाली बोट दाखवलं. तेव्हा कुठं मास्तरांची नजर ओळीवरून खाली फोटोवर उतरली. डोक्यावर पदर, हसताना मिटलेले डोळे, पुढचा एक दात नाही. त्यांची सख्खी मोठी बहीण, अकोल्याची दुर्गाबाई! खाली पंच्याहत्तरीच्या शुभेच्छा, येत्या रविवारची तारीख आणि मोर्शीच्या मळ्याचा पत्ता.

"सर, ये तो आपकेच घर का प्रोग्राम आहे," शाकीब हळूच म्हणाला. "गजेंद्रभाऊ ऑर्डर देऊन गेले. मेरे को लगा, तुमाले माहीत असन."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. धडधडीत खोटं. शाकीबने मागवलेला चहा तसाच ठेवून ते बाहेर पडले, आणि लाल पेन मेजावरच राहिलं.

वाटेत त्यांना आधी संताप आला आणि घर जवळ आलं तशी भीती वाटायला लागली. गजेंद्र म्हणजे दुर्गाबाईंचा मुलगा. नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीत नोकरीला, म्हणजे मामाच्या घरापासून फार तर अर्ध्या तासावर. फ्लेक्स करायला राजापेठेत येतो आणि मामाकडे पाणी प्यायलाही येत नाही? आणि रोडगे! दरवर्षी चुलतभाऊ सूर्यभानच्या मळ्यात गोवऱ्यांचा आर करायचा, त्यात कणकेचे गोळे भाजायचे, वांग्याची भाजी आणि वरण करायचं आणि सगळ्या खानदानाने झाडाखाली पंगतीला बसायचं, ही रीत. दुर्गाबाईंची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. 'तूर सोंगायच्या दिवसांत झाली' एवढंच आई सांगायची. म्हणून पंच्याहत्तरी रोडग्यांच्या दिवशी धरली असणार. सगळ्यांनी मिळून धरली असणार, त्यांना सोडून.

"रविवारचं तुला माहीत होतं?" दारातच त्यांनी विचारलं.

ललिताबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "होतं. तुमाले कोणी सांगाव, इथंच तर घोडं पेंड खाऊन राहिलं होतं. गजेंद्र म्हणे मामी सांगन. मी म्हटलं, आवतन सूर्यभान भाऊजीनं द्याव, रीतच हाये. भाऊजी म्हणे, दुर्गाबाईच्या भावाले बाईच सांगन. असं करता करता कोणीच नाई सांगतलं."

"पण ग्रुपवर तर काहीच आलं नाही."

"ग्रुप दुसरा हाये," ललिताबाई म्हणाल्या. एवढे दिवस दाबलेलं एकदाचं बाहेर आलं. "मधली सुट्टी नाव हाये त्याचं."

मधली सुट्टी म्हणजे काय ते मास्तरांना कोणी समजावायची गरज नव्हती. मास्तर वर्गाबाहेर गेले की पोरांची जी होते ती.

"तूही आहेस त्यात?"

"हाव. मलेही हासाव वाटते कधीमधी."

"काढला कोणी?"

"तुमच्या बाईनं. अॅडमिन थ्याच हायेत."

मास्तर खुर्चीत बसले. त्यांना एक जुलै आठवला. हा त्यांचा शाळेतला वाढदिवस. नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाला हीच तारीख दिली होती. त्या दिवशी दुर्गाबाईने ग्रुपवर जन्मातला पहिला इंग्रजी मेसेज टाकला होता. माझ्या लहान भावाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, एवढाच मजकूर, आणि शेंड्यांचं रान. मास्तरांनी एक सोडून सगळ्या शब्दांना लाल गोल केले होते आणि खाली लिहिलं होतं, "हौस असावी, पण हौसेलाही व्याकरण असतं." आपण फार मार्मिक लिहिलं असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. त्यानंतर बहिणीचा फोन आला नव्हता आणि नातवाच्या नव्या संसारात गुंतली असेल म्हणून त्यांनीही केला नव्हता.

"थ्या काही मिरवाले शिकत नोत्या इंग्रजी," ललिताबाई म्हणाल्या. "गजेंद्रच्या शिवमची बायको पौर्णिमा बंगलोरची. तिले मराठी येत नाई, बाईले कानडी येत नाई. पौर्णिमानंच फोनवर शिकवलं त्याइले. रोज काहीबाही लिवत जात एकमेकीले. तुमचा गोल आला आन् त्याइनं तिलेही लिवणं सोडलं. पोरगी इचारते, आजी काहून बोलत नाई? कोणाची छाती हाये खरं सांगाची?"

पाट्या सुधारणारा, परिवार सुधारणारा हा माणूस त्या संध्याकाळी ताटावरून अर्धवट उठला. एका म्हातारीचं आणि तिच्या नातसुनेचं बोलणं आपण बंद पाडलं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अकोल्याची एसटी पकडली. दुर्गाबाई ओसरीत तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसल्या होत्या. भावाला बघून उठल्या नाहीत, पण शेंगांचं टोपलं थोडं त्याच्याकडे सरकवलं. मास्तर समोर बसले आणि सोलायला लागले.

"बाई, मला बोलावलं नाहीस."

"काहून बोलवाव? तू येशीन आन् त्या फ्लेक्सवर गोल काढत बसशीन. थे पोरगी एवढ्या दुरून येऊन राहिली. तिच्यासमोर माहा पेपर तपासशीन."

"चूक कोणीतरी दाखवायलाच हवी ना? मी भल्यासाठीच सांगतो."

"हाव, दाखवाच लागते. पेपरात दाखवा लागते." दुर्गाबाईंनी हात थांबवला. "पण मी पेपर देल्ला नोता, केशव. मी तुही याद केली होती."

मास्तरांनी पुढची शेंग उचलली.

"तुले आठवत नसन," त्या म्हणाल्या, "लहानपणी तू लय बोबडा होता. भाकरीले बाकल म्हणे. आपला बाप लय चिडे. म्हणे, नीट बोलन तवाच भेटन याले. तू रडे आन् बाकल बाकल करे. मंग मी चुलीमागून तुले भाकर देत जाओ. माह्यावालं वयही काय होतं! पण मले समजे नं, तुले काय पाह्यजे थे. मंग आनखी काय पाह्यजे? तू बाकल मांगितली, मी भाकर देल्ली."

मास्तरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"चुकलं माझं, बाई. पौर्णिमाला तरी लिहीत जा. माझी शपथ."

"लिवावं तं वाटते रे. पण अक्षर दाबलं की लाल गोल दिसते. भेव वाटते." ही बाई रात्रीबेरात्री एकटी शेतात ओलीत करायला जाणारी, साप दिसला तर त्याच्यावर ओरडणारी. तिच्या तोंडी भीतीचा शब्द मास्तरांनी पहिल्यांदा ऐकला, आणि ती भीती त्यांनीच घातलेली होती. "रविवारी ये तू. भाऊ हायेस माहा, येशीनच. पण लाल शाई घरी ठेव. आन् ग्रुपमंदी काही मी तुले घेणार नाई, आदीच सांगून ठेवतो."

दुपारी जेवायला भाकरी होती. दुर्गाबाईंनी पहिली भावाच्या ताटात घातली.

रविवारी मळ्यात पोचल्यावर आधी धूर दिसला, मग माणसं. मृगाच्या बहाराची संत्री झाडांवर पिवळी पडायला लागली होती, आर फुलला होता, सूर्यभान लांब काठीने रोडगे उलटत होता, आणि हसणं बांधापर्यंत ऐकू येत होतं. मास्तर आणि ललिताबाई झाडांमधून पुढे आले तसं ते हसणं थांबलं. वर्गात शिरल्यावर व्हायची तशी शांतता. हयातभर मास्तरांना ती मान देणारी वाटली होती. आज ती त्यांना ऐकवेना.

आराच्या पलीकडे दोन बांबूंना फ्लेक्स बांधला होता. खाली खुर्चीत नव्या लुगड्यातल्या दुर्गाबाई. गजेंद्र घाईघाईने फ्लेक्सच्या पुढे येऊन उभा राहिला, जणू आपल्या देहाने एवढं मोठं कापड झाकलं जाईल. "मामा, थे आईनं पौर्णिमाले पहिल्यांदा लिवलं होतं. जसंच्या तसं छापलं. मुद्दामच."

मास्तरांनी वर पाहिलं. खोटं कशाला सांगायचं, सगळ्या शेंड्या त्यांना एकजात दिसल्या. स्वभावाला औषध नसतं. पण त्यांनी काही म्हणायच्या आत वाऱ्याचा झोत आला, एका बाजूची गाठ सुटली आणि फ्लेक्सचा कोपरा फडफडत थेट आराकडे झेपावला. बायका ओरडल्या. मास्तर जवळ होते. त्यांनी चप्पल टाकून धाव घेतली, कोपरा वरच्यावर पकडला, ओढून बांबूशी नेला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"मामा, सोडा, मी धरतो," गजेंद्र म्हणाला.

"तू फोटोत उभा राहा. मुलगा आहेस तिचा. मी धरतो."

मग फोटो सुरू झाले. मुलगा झाला, नातू झाला, सुना झाल्या, मोर्शीचे झाले, परतवाड्याचे झाले. मास्तर बांबूआड उभे राहून ती चुकांनी भरलेली ओळ ताणून धरत राहिले. खांदे भरून आले तरी कोपरा खाली येऊ दिला नाही. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत फ्लेक्सच्या कडेला चार बोटं दिसतात, ती त्यांची.

पौर्णिमा पाण्याचा पेला घेऊन त्यांच्याकडे आली. इंग्रजीत म्हणाली, "तुम्हीच आजींचे भाऊ ना, इंग्रजीचे सर? एक विचारू? आजी मला रोज लिहायच्या. ऑफिसच्या बसमध्ये मी ते वाचायची आणि दिवस चांगला जायचा. मग एकदम थांबल्या. मी काही चुकीचं बोलले का? तुम्ही त्यांना विचाराल?"

मुलगी इतके महिने स्वतःलाच बोल लावत होती! मास्तरांनी पाणी घेतलं नाही, हात मोकळे नव्हते. तिच्याशी तेही इंग्रजीतच बोलले, पण वर्गातल्यासारखे मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "तू काही चुकली नाहीस. चूक माझी आहे. तिने मला प्रेमाने लिहिलं आणि मी त्यावर लाल गोल काढला. तिथं काढायला नको होता."

दुर्गाबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. इंग्रजी त्यांना बोलता येत नव्हती, पण समजायला लागली होती. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "केशवचं ताट वाढा वं. हात दुखले असतीन त्याचे."

निघताना त्यांनी रोडगे फडक्यात बांधून ललिताबाईंच्या पिशवीत घातले. ग्रुपचं मास्तरांनी विचारलं नाही, आणि त्यांनीही विषय काढला नाही.

दिवेलागणीला मास्तर राजापेठेत घरी पोचले. हातपाय धुऊन बसतात तोच फोन वाजला. मधली सुट्टी. दुर्गाबाईने तुम्हाला जोडलं आहे.

पाठोपाठ मेसेज आला, इंग्रजीत: केशव, यू रीच? रोडगे ईट? आणि शेंड्या होत्याच, केशवच्या डोक्यावरसुद्धा एक.

सगळ्यांनी तो वाचल्याच्या खुणा दिसत होत्या आणि एकही जण काही लिहीत नव्हता. अमरावती, अकोला, मोर्शी, सगळीकडे माणसं फोन धरून बसली असणार. स्वयंपाकघराच्या दारात ललिताबाई स्वतःचा फोन धरून उभ्या होत्या. मास्तरांचं बोट सवयीने लाल रेघेच्या खुणेकडे गेलं, आणि तिथून मागं आलं. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर शोधून लिहिलं:

"बाई, मले बाकल भेटली."

मग ग्रुपवर एकच कल्ला उसळला. मास्तरांच्या तोंडी 'मले'! आणि बाकल? ज्याची पाळी चाळीस वर्षांनी येते तो सोडतो का? आईकडून बाकलचा किस्सा ऐकलेल्या गजेंद्रने त्या मेसेजचा फोटो घेतला, 'बाकल'भोवती ठळक लाल गोल काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मामा, भाकर!" त्या श्रद्धांजलीवाल्या जावयानेही तोंड उघडलं, आणि पुढे तीन उद्गारचिन्हं टाकली. मास्तर इतके हसले की चष्मा काढावा लागला.

तेवढ्यात अॅडमिनचा मेसेज आला. इंग्रजीत, न घाबरता लिहिलेला:

"नो करेक्ट माय ब्रदर. आय नो व्हॉट ही वॉन्ट."

वॉन्टच्या डोक्यावर चांगली लांब शेंडी होती. मास्तरांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली, आणि मग फडकं सोडून गार झालेला रोडगा तोडून खाल्ला.